नव्वद युनिटांची पैज

पैज लागली एक एप्रिलला, तीसुद्धा महिपतच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर, म्हणून आळीत आधी ती कोणी खरी मानलीच नाही. आदल्या वर्षी याच तारखेला महिपतने आळीभर सांगितलं होतं की उद्या नळाला ताक येणार आहे, आणि दोन घरांनी खरंच पहाटे कळश्या लावल्या होत्या.

शहापुरात महिपतचं मोटार वाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटारी, बंद पडलेले पंखे, तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि मधोमध पन्नाशी ओलांडलेला महिपत. हात तारेत आणि डोळे रस्त्यावर. समोर सावळारामचं दुमजली घर. खाली सावळाराम आणि त्याची बायको भागीरथी, वर भाड्याने तीन कॉलेजच्या पोरी. भाड्यातच लाइट धरलेली. ती कल्पना सावळारामचीच, आणि तेव्हा ती त्याला फार हुशारीची वाटली होती.

"एकशे ऐंशी!" सावळाराम बिल फडकवत रस्ता ओलांडून आला. "वरचं मीटर एकशे ऐंशी युनिट! तीन पोरी रं, तीन! वर काय गिरण टाकलीय का काय?"

"टाकली असती तर पयला तूच दळण घेऊन गेला असतास," महिपत म्हणाला.

बाकड्यावरचे चौघे खिदळले. सावळाराम जास्तच तापला.

"हस तू. परीक्षा झाली की पोरींना सांगतो, बस झालं. गोडाऊनवरची पोरं खोली मागतायत कवापास्नं. त्यांची लाइट ते भरतील."

"अरे, पोरींना येकदा नीट सांगून बघ. अर्ध्यात महिना काढतील."

"अर्ध्यात? नव्वदमधी? ह्या उन्हाळ्यात?"

"नव्वदमधी."

"पैज?"

"पैज!"

शेजारी बुरुडाचं दुकान. बाकड्यावरच्या हरेशने हात लांबवून तिथलं एक नवंकोरं सूप उचललं आणि दोघांच्या मधे धरलं. "हरनाऱ्यानं हे सूप घ्यायचं. यष्टी स्टँडवर उभं ऱ्हायचं. आनि डोळखांबची गाडी सुटंपर्यंत रांगेतल्या येकाएकाला वारा घालायचा!"

लोक इतके हसले की बुरूडसुद्धा सूप परत मागायला विसरला. पण सावळाराम काही हसला नाही. तो पाटबंधारे खात्यात तीस वर्षं टेबलावर बसलेला माणूस, अटी घातल्याशिवाय त्याला पाणीसुद्धा गोड लागायचं नाही.

"येक, महिप्यानं वायरीला हात लावायचा नाय. दोन, नव्वदच्या वर येक जरी युनिट गेलं तर पोरींनी एक मेला खोली खाली करायची. परीक्षा असो नायतर नसो."

आता इथे शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. पण समोर चौघे बसलेले, हातात सूप, आणि महिपतची जीभ नेहमीप्रमाणे त्याच्या दोन पावलं पुढे.

"मंजूर!" तो म्हणाला.

संध्याकाळी जिना चढून वर गेल्यावर मात्र त्याला कळलं की परीक्षा पाच मेला सुरू होते.

वर तिघीजणी होत्या. वैष्णवी किन्हवलीची, तोंडाने तिखट. अक्षदा धसईची, बाप बाजारात भाजी विकणारा, त्यामुळे हिशोब बोटावर. आणि रविना डोळखांबच्या वरच्या एका पाड्यावरची, कमी बोलणारी. महिपतने सगळं सांगितलं. जरा हसत सांगितलं, कारण त्याला दुसरं कसं सांगायचं ते येत नव्हतं.

कोणी हसलं नाही.

"काका," वैष्णवी म्हणाली, "पैज तुमची आनि खोली आमची. आमाला इचारलंत?"

"नाय इचारलं."

"माझं सोडा. मी किन्हवलीवरनं यष्टीनं येऊन पेपर देईन, उशीर झाला तर झाला. ह्या अक्षदाची मावशी मुरबाडला हाय. रविनानं कुठं जायचं? तिचे आईबाप वीटभट्टीवर, घरी येकटी आजी. पाड्यावरनं सकाळची पयली गाडी धरायची तर आदल्या दिवशी निघाया लागंल!"

 रविनाच्या मांडीवर नर्सिंगचं पुस्तक होतं, त्याची कड ती नखाने सरळ करत राहिली. महिपतने आयुष्यात लोकांच्या शिव्या फुलासारख्या झेलल्या होत्या. पण ही गप्प बसलेली पोर त्याला झेपेना.

"तुमी फकस्त सांगा, काय लागंल ते मी करतो," तो म्हणाला. "हरलो तर मी सावळ्याच्या पाया पडेन, पन तुमाला खोली सोडू देनार नाय."

"तुमच्या पाया पडन्यानं मीटर मागं जातं का?" अक्षदा म्हणाली.

मग पोरी कामाला लागल्या, आणि महिपत बघतच राहिला. तिघींनी दोन खोल्यांतला अभ्यास एका खोलीत आणला. एक पंखा, एक दिवा. इस्त्री कपाटावर चढवली आणि कपडे घडी करून गादीखाली दाबले. मोबाईल कॉलेजच्या लायब्ररीत चार्ज व्हायला लागले. वायरीला हात लावायचा नाही म्हणून महिपतने तीन एलईडी बल्ब आणून स्टुलावर ठेवले. "मी नाय लावले बा. तुमीच लावा. आनि बल्ब म्हंजे वायर नव्हे, हे सावळ्यालाबी मान्य करावं लागंल." दुपारी जिन्याचा दरवाजा उघडा, मागची खिडकी उघडी, वाऱ्याला घरातून सरळ रस्ता. माळ्यावरून जुनी साडी काढून भिजवून खिडकीला टांगली.

आणि बारा तारखेला मीटर पाहिलं तर पंचेचाळीस युनिट खल्लास!

"बारा दिवसांत निम्मे," अक्षदा म्हणाली. "अठरा दिवस बाकी. अशानं एकशे बाराला जातंय."

महिपतच्या मनात तेच आलं जे कुणाच्याही मनात आलं असतं. खाली टीव्ही, खाली फ्रीज, खाली पाण्याचा पंप. सावळ्यानं वरच्या मीटरात आपली वायर घुसवली असणार! आता त्याचा चेहरा खुलला. चोर पकडायला मिळणार या आनंदाने त्याने दुपारी सावळाराम मॅच बघत असताना पोरींना वरचा मेन स्विच पाडायला लावला, आणि स्वतः खालच्या खिडकीला नाक लावून उभा राहिला.

टीव्ही चालूच. पंखा चालूच. फ्रीज गुरगुरतोय. वर सगळं बंद आणि खाली सावळाराम "मार की रं!" म्हणून ओरडतोय.

सावळाराम कंजूष होता, पण चोर नव्हता. महिपतला जरा वाईटच वाटलं. चोर निघाला असता तर महिनाभर तरी मजा होती.

तोंड पाडून तो वर आला. पोरींनी स्विच पुन्हा चढवला आणि दुपारच्या जेवणाचं सुरू केलं. घरात गॅस ठेवायला सावळारामची बंदी, आग लागेल म्हणून. सगळं विजेच्या शेगडीवर. वैष्णवीने भाताचा टोप ठेवला. वीस मिनिटांनी उतरवला. लगेच अक्षदाने दुसरा ठेवला. भाताचाच. तो उतरला तेव्हा रविना तिसरा टोप घेऊन उभी.

"थांब थांब," महिपत म्हणाला. "हे काय चाललंय? तीन वेळा भात?"

"तीन कुठं? संध्याकाळी परत तीन," अक्षदा म्हणाली. "आमचा भात येगळा हाय ना, काका."

"भात भात असतो!"

ही त्याची चूक झाली. तिघीही एकदम त्याच्यावर आल्या. वैष्णवीच्या घरचा बारीक, दोन वर्षं जुना, दाणा दाणा सुटा. अक्षदाचा नवा आणि जाड, मऊ होणारा, आमटी पिणारा. रविनाचा हातसडीचा लाल, घोटाभर जास्त पाणी घेणारा. प्रत्येकीच्या बापाने वर्षाचे तांदूळ पोत्यातून आणून दिलेले, आणि दुसऱ्याच्या शेतातला भात रोज खायचा म्हणजे आपल्या घराला नावं ठेवल्यासारखं. भाजी एकत्र, आमटी एकत्र, अगदी लोणच्याची बरणीसुद्धा एक. भात मात्र तीन टोपांत!

"हिचा भात म्हंजे खळ," वैष्णवी म्हणाली.

"आनि तुझा म्हंजे खिळे! पोटात टोचत्यात."

महिपतचे डोळे चमकले. तिसरा टोप उतरताच त्याने तिघींच्या डोळ्यांना ओढण्या बांधल्या आणि प्रत्येकीला तीन घास भरवले. "आता सांगा, कुठला चांगला?" वैष्णवीने शपथेवर सांगितलं की दुसरा घास तिच्या घरचा. तो अक्षदाचा होता. अक्षदाने तिसऱ्याला मान डोलवली. तो रविनाचा होता. रविनाने एकटीने तिन्ही बरोबर ओळखले.

ओढण्या सुटल्यावर महिपत जमिनीवर लोळायचाच बाकी होता. पण वैष्णवी म्हणाली, "आसंल. तरी मी माझाच खानार." अक्षदा म्हणाली, "मीबी." तिथे महिपतचं हसू बंद झालं. ही गाठ बत्तीस दात दाखवून सुटणारी नव्हती.

तेव्हा रविना बोलली. इतकी हळू की महिपतला पुढे वाकावं लागलं.

"माझी आजी पेंढ्यात शिजवती."

"काय?"

"सकाळी रानात जायच्या आधी टोप चुलीवर ठेवती. येक उकळी आली की उतरवती, पेंढ्याच्या टोपलीत पुरती आनि वरनं गोधडी. दुपारी येतो तवा भात शिजलेला असतो. गरम. लाकडं लय लागत नाय." मग पुस्तकाकडे बघत म्हणाली, "मी इथं सांगितलं नवतं. पाड्यावरचं समदं इथं चालतंच आसं नाय."

"आनि तीन डबे आसतील तर?" अक्षदाने विचारलं. बोटं आधीच चालू झालेली. "येका मोठ्या पातेल्यात पानी, त्यात तीन झाकनाचे डबे. उकळी येकच."

"येकाला येळ जास्त लागतो, येकाला कमी," वैष्णवी म्हणाली.

"पेंढ्यात करपत नाय," रविना म्हणाली. "ज्याला जेवढं लागतं तेवढं तो घेतो."

टोपली बुरुडाकडची. पेंढा मागायला महिपत भागीरथीकडे गेला आणि खरं काय ते सांगून बसला, कारण त्या बाईपुढे त्याची थाप कधीच टिकत नसे. भागीरथीने नवऱ्याचा डोळा चुकवून मागच्या खोलीतला दोन कवळ पेंढा मागच्या जिन्याने वर दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्याला एक उकळी. पंधरा मिनिटं शेगडी, मग बंद. पातेलं पेंढ्यात, वर गोधडी, आणि तिघी कॉलेजात. दुपारी आल्या, गोधडी काढली, झाकण उचललं तर वाफेने वैष्णवीचा चष्मा पांढरा झाला. बारीक सुटा. जाड मऊ. लाल टपोरा. तिघींनी आपापला डबा घेतला, आणि पहिल्याच घासाला वैष्णवीने रविनाच्या डब्यात हात घातला.

"चव बघतेय," ती म्हणाली.

मीटरचा वेग असा पडला की महिपतला दुकानात बसून शिट्टी वाजवावीशी वाटली. वाजवलीही. आणि तिथेच सावळारामला संशय आला.

सावळारामची एक दुखरी जागा म्हणजे त्याच्या आंब्याची आढी. परसातल्या दोन झाडांचे आंबे तो मागच्या खोलीत पेंढ्यात पिकत घालायचा आणि रोज मोजायचा. अठरा तारखेला पेंढा कमी दिसला. जिन्यात पेंढ्याच्या काड्या दिसल्या. काड्या थेट वर गेलेल्या. सावळारामने दोन आणि दोन जोडले आणि बरोबर पाच केले.

भर दुपारी तो वर आला. पोरी हात धूत होत्या, महिपत बल्बांची चौकशी करायच्या निमित्ताने भात खायला आलेला.

"कुठंय?" सावळाराम म्हणाला.

"काय कुठंय?"

"आढी! माझे आंबे!" त्याला कोपऱ्यातली टोपली दिसली. पेंढा, वर गोधडी. "हां! गोधडी घालून पिकवताय? माज्याच पेंढ्यात माजे आंबे?"

"काका, हात नका घालू!" तिघी एकदम ओरडल्या.

असं ओरडल्यावर कोण थांबतो? सावळारामने बाही सारली, पेंढ्यात कोपरापर्यंत हात खुपसला, आंबा चाचपला आणि पातेल्याला पंजा लावला.

त्याची बोंब बाकड्यावरच्या चौघांना ऐकू गेली. त्यांनी नंतर सांगितलं की त्यांना वाटलं, स्टँडवर गाडी लागली.

रविनाने त्याला धरून मोरीवर नेलं आणि गार पाण्याच्या धारेखाली हात धरला, पुरी पंधरा मिनिटं, सोडू दिला नाही. "टूथपेस्ट लावू नका काका, काय लावू नका. फोड येनार नाय." हात धरून ती इतकी ठामपणे बोलत होती की तीस वर्षं टेबलावर बसलेला सावळाराम मुकाट उभा राहिला. मग भागीरथीला बोलावून त्याला तिथेच जेवू घातलं. डाव्या हाताने. तिन्ही भात.

"हा पेंढ्यात शिजला?" त्याने तीनदा विचारलं.

"तुझ्या पेंढ्यात," महिपत म्हणाला. "आंबेबी घालू का उद्या?"

 सावळारामने जाताना आणखी थोडा लाल भात मागून घेतला. दोन दिवसांनी खाली भागीरथीच्या ओट्यावर तशीच टोपली दिसली.

सत्तावीस तारखेला घोटाळा झाला. दिवसभर लाइट गेली. कुठेतरी तार तुटली, सकाळी गेलेली ती संध्याकाळी आली. अठ्ठावीसला सकाळी सावळाराम कागद घेऊन बाकड्यापाशी हजर.

"कालचा दिवस धरायचा नाय. लाइटच नवती तर पोरींनी वाचवली काय? कालची दोन युनिटं नव्वदमधनं कापा. अठ्ठ्याऐंशी."

चौघांनी महिपतकडे पाहिलं. जीभ पुन्हा दोन पावलं पुढे निघाली होती. "मंजूर" एवढाच शब्द, तोंडात तयार होता. महिपतने ओठ मिटले.

"माझी खोली नाय," तो म्हणाला. "इचारून येतो."

जिना चढून गेला. मीटर तेव्हा ब्याऐंशीवर होतं. तीन दिवस बाकी. अठ्ठ्याऐंशी म्हणजे रोज दोन, आणि रोज दोन म्हणजे दुपारचा पंखासुद्धा जपून. वैष्णवी म्हणाली, नाय म्हना, लाइट गेली त्यात आमचा काय दोष. अक्षदाने बोटं मोजली आणि पुन्हा मोजली. दोघींनी रविनाकडे पाहिलं. खोली गेली तर खरं नुकसान तिचंच, हे सगळ्यांना ठाऊक.

"द्या त्यांना दोन युनिट," रविना म्हणाली. "मागनं कोनी बोलाया नको, का लाइट गेली म्हनून जिंकल्या."

"पक्कं गो?" महिपतने विचारलं.

"पक्कं. दुपारी आमी लायब्ररीत बसू."

तीन दिवस त्या दुपारी लायब्ररीत बसल्या, आणि महिपत तीन दिवस दुकानात बसून एकच मोटार तीनदा वाइंड करत राहिला. दोनदा तार उलटी गुंडाळली. गिऱ्हाइकाने विचारलं, बरं नाय का? महिपत म्हणाला, गप ऱ्हा.

तीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता जिन्याखाली मीटरपुढे अर्धी आळी जमली. चष्मा लावून, कागद पेन घेऊन सावळाराम पुढे. वाचायचं त्यानेच, हेही त्याचंच कलम. त्याने आकडा पाहिला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिला. कागदावर वजाबाकी केली, मग तीच वजाबाकी उलटी बेरीज करून तपासली. रविना जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी होती, कठडा घट्ट धरून.

सावळारामला खोटं बोलता आलं असतं. त्याच्याशिवाय आकडा कोणाला नीट दिसतही नव्हता. तो खाकरला.

"सत्त्याऐंशी," तो म्हणाला.

वैष्णवीची किंकाळी, हरेशची शिट्टी, अक्षदाच्या हातातला पेला घरंगळत खालपर्यंत. रविना तिथेच पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली. महिपतने तिला इतकं हसताना पहिल्यांदाच पाहिलं, आणि का कोण जाणे, त्याला एकही थट्टा सुचेना.

"खोली तुमची," सावळाराम वर बघून म्हणाला. "परीक्षाच नाय, पुढचं वर्षबी. गोडाऊनवाल्यांना सांगतो, खोली नाय." मग आवाज चढवून, "पन आंब्याला हात लावायचा नाय!"

दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी. शहापूरच्या स्टँडवर डोळखांबच्या गाडीला ही रांग. पिशव्या, पोरं, पत्र्याच्या शेडखाली भट्टी. सावळाराम इस्त्रीचा सदरा घालून आला, सूप काखेत. महिपतने आधीच पुढे जाऊन आरोळी ठोकली, "या या! पाटबंधारे खात्याचा वारा! फुकट! बिल नाय, मीटर नाय!"

सावळारामने मान खाली घालून पहिल्या माणसाला वारा घातला. तो दचकला. दुसरी म्हातारी म्हणाली, "ह्यो काय भात पाखडतोय का मला?" पण मग तिने डोळे मिटले आणि पदर सैल केला. "ऱ्हाऊ दे बाबा, बरं वाटतंय. मानंवर घाल जरा." मागून कोणी ओरडलं, "काका, इकडं बी!" एका बाईने रडतं पोर पुढे धरलं, ते सुपाच्या वाऱ्याने गप झालं. रांगेत नसलेले लोक रांगेत घुसायला लागले. तिन्ही पोरी मोबाईलवर शूटिंग करत होत्या. सावळाराम आधी ओशाळला, मग घामाघूम झाला, आणि विसाव्या माणसापर्यंत त्याच्या हाताला चक्क लय आली.

"सरका, पुढं सरका," तो म्हणत होता. "गर्दी नाय करायची. सगळ्यांना मिळनार."

महिपत दोनदा रांगेत उभा राहून वारा घेऊन आला. तिसऱ्यांदा सावळारामने त्याच्या डोक्यात सूप घातलं.

मग पुढे आली भागीरथी. नवी साडी, केसात अबोली, हातात पिशवीसुद्धा नाही. ती नवऱ्यासमोर उभी राहिली आणि पदर सावरला.

"तू कशाला गो इथं?" सावळाराम दबक्या आवाजात म्हणाला.

"रांगेत हाय मी. घाल वारा."

त्याने घातला. लोक टाळ्या पिटायला लागले. मागची माणसं "पुढं व्हा की काकू" म्हणाली, पण भागीरथी जागची हलेना. तेवढ्यात डोळखांबची गाडी लागली, रांग फुटली, लोक दाराकडे धावले. सावळारामने हुश्श करून सूप खाली केलं.

"गाडी सुटली का?" भागीरथीने विचारलं.

"लागलीय. सुटंल आता."

"मग सुटंपर्यंत घाल," ती म्हणाली. "आनि जोरात. बत्तीस वर्षांत पयल्यांदा घालतोयस."

कंडक्टरने ते ऐकलं, ड्रायव्हरकडे बघून डोळा मारला, आणि गाडी चांगली दहा मिनिटं हलली नाही.